तिसरी रांग, खिडकीजवळ

हर्षदा मगदूमच्या वर्गात कुणी कुठे उभं राहायचं हे ठरलेलं होतं. कुणी ठरवून दिलं नव्हतं, पण सातबाऱ्यावर नाव लागल्यासारखी प्रत्येकीची जागा पक्की होती. मनीषाकाकू चौगुले शेवटच्या रांगेत, कारण दमलं की तिथे भिंतीला पाठ लावता येते. बँकेतल्या दोघी जावा पहिल्या रांगेत, कारण त्यांना आरशात स्वतःकडे बघायला आवडायचं. एखादी नवी बाई चुकून दुसरीच्या जागेवर उभी राहिलीच तर कुणी भांडायचं नाही. जागेची मालकीण नुसती शेजारी येऊन उभी राहायची आणि ती बया हलेपर्यंत हलायची नाही.

म्हणून सामूहिक व्यायाम योजनेच्या लोकांनी सांगलीतल्या या हॉलमध्ये तालफरशी बसवली तेव्हा कुणाच्या मनगटाला, छातीला काही चिकटवावं लागलं नाही. फरशी माणसं ओळखत नव्हती, जागा ओळखत होती. एका जागेवर एकच बाई, त्यामुळे काम भागायचं.

दिसायला फरशी साधीच होती, राखाडी रबराची. रबराच्या खाली मात्र सेन्सरची दाट जाळी होती. कुणाचा कोणता पाय किती जोरात पडला आणि वेळेवर पडला की नाही, एवढं तिला कळायचं. आता वेळेवर म्हणजे कुणाच्या वेळेवर, हा प्रश्न ती बनवणाऱ्यांनाही पडला होता. गाण्याच्या म्हणावं तर गाणी रोज बदलतात. शिवाय चांगली प्रशिक्षक गाण्याची गुलाम नसते, एखादीला धाप लागलेली दिसली की ती सगळ्या वर्गाची गती गुपचूप उतरवते. तेव्हा त्यांनी सोपा मार्ग काढला. पुढे उभी राहून वर्ग घेणारी व्यक्ती म्हणजे शून्य. तिच्यापासून बाकीच्या सगळ्यांचं मागेपुढे मोजायचं.

"माझ्या बायका मला दिसतात," हर्षदा फरशी बसवणाऱ्यांना म्हणाली होती. "फरशीला विचारून कशाला बघू?"

बढाई नव्हती ती. वीस-बावीस वर्षं हेच काम केलेल्या बाईला कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाचं घरी भांडण झालंय, कुणी सकाळपासून काही खाल्लेलं नाही, हे पहिल्या दोन मिनिटांत कळतं.

सानिका बिरनाळे तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ उभी राहायची. हळदीच्या एका कंपनीत ऑफिसात होती. अंगाने भरलेली, आणि पहिल्याच दिवशी "मला काय जमायचं नाही हो" म्हणत आलेली. वर्षभरात हर्षदाने एक गोष्ट टिपली. सानिका स्वतः चुकली की खुदकन हसायची, पण शेजारची चुकली की हसायची नाही. तीच हालचाल मुद्दाम सावकाश करायची, शेजारणीला बघून बघून जमावी म्हणून, आणि आपण हे करतोय याचा पत्ताही लागू द्यायची नाही. हात किती वर जातो, कंबर किती लवते, हे सगळं माणसाला शिकवता येतं. हे मात्र शिकवता येत नाही, असं हर्षदाचं ठाम मत होतं.

"तू वर्ग घ्यायला शिक," ती एक दिवस म्हणाली.

"मी? ताई, जरा आरशात बघा की माझ्याकडं."

"बघितलंय. मनीषाकाकूपण बघतात. तुझ्याकडं बघून त्यांना वाटतंय, हिला जमतंय म्हणजे मलापण जमंल. माझ्याकडं बघून तसं वाटत नाही त्यांना."

मग दर गुरुवारी सानिका पुढे उभी राहून वर्ग घेऊ लागली आणि हर्षदा रांगेत जाऊन उभी राहू लागली. रांगेत मोकळी जागा एकच असायची, सानिकाची. तिथे उभी राहून हर्षदा बाकीच्यांबरोबर व्यायाम करायची आणि सगळ्या गेल्यावर सानिकाची हजेरी घ्यायची.

"तू त्यांच्याकडं तोंड करून उभी आहेस. तोंडानं उजवा म्हणायचं आणि आपला डावा उचलायचा. त्यांचा आरसा व्हायचं."

"डोकं फिरतंय हो, ताई."

"फिरू दे. आणि पुढचं काय ते आधी सांग. पाय पडल्यावर सांगून काय उपयोग? पहिल्या रांगेकडं बघत बसू नकोस. त्यांचं तुझ्यावाचून अडत नाही. कोपऱ्यातल्या बाईकडं बघ. तिला जड जायला लागलं की सोपं करून दाखव, पण तिच्यासाठी केलंस असं कळू देऊ नकोस."

"आणि माझा व्यायाम?"

"तो घरी करून ये. इथं तू त्यांच्यासाठी आहेस."

सानिका शिकत गेली. सहा महिन्यांत गुरुवारची गर्दी इतर दिवसांपेक्षा जास्त व्हायला लागली. हर्षदाला आधी जरा टोचलं, खोटं कशाला बोला, पण मग त्याचाच अभिमान वाटायला लागला.

त्याच सुमाराला देशभरातल्या तालफरश्यांची माहिती चाळताना अभ्यासकांच्या हाताला एक गोष्ट लागली. माणूस ठोका ऐकून मग पाय उचलत नाही. तसं केलं तर तो कायम मागेच पडेल. ठोका कधी येणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि पायाला तयारीत ठेवतो. मेंदूच्या आत खोलवर काही पेशींचा समूह हे काम करतो. कंपवातात नेमक्या याच पेशी झिजतात, आणि हात थरथरायला लागायच्या कितीतरी वर्षं आधी त्यांचा अंदाज हुकायला लागतो. एक पाय दुसऱ्यापेक्षा उशिरा पडतो. पापणी लवायला लागतो त्याहून कमी उशीर. बघणाऱ्याला दिसत नाही, ज्याचा पाय आहे त्यालाही कळत नाही, पण फरशीला कळतं.

रोग आठ-दहा वर्षं आधी कळायला लागला आणि औषध मात्र जिथल्या तिथे राहिलं. शास्त्राचं कधीकधी असं होतं, दार उघडतं आणि आत खोलीच नसते. सरकारने त्यातल्या त्यात शहाणपणाचा नियम केला. आपल्या पावलांत अशी खूण दिसली तर आपल्याला कळावं की कळू नये, हे प्रत्येकाने आधीच सांगून ठेवायचं. नको म्हणणाऱ्याला कुणीही सांगायचं नाही. प्रशिक्षकाला मात्र दिसणार, म्हणजे त्या व्यक्तीला झेपेल असा व्यायाम देता येईल.

हर्षदाने एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. मनीषाकाकू म्हणाल्या, "कळू दे की. या वयात एवढी एकच करमणूक ऱ्हायलीया." सानिका मात्र गंभीर झाली.

"बाबांचा कंपवात बघितलाय मी, ताई. चमचा तोंडापर्यंत न्यायला लागले की आम्ही सगळी दुसरीकडं बघायचो, त्यांना लाज वाटू नये म्हणून. मला असलं काय असलं तर मला नका सांगू. शपथ आहे तुम्हाला."

"नाही सांगणार," हर्षदा म्हणाली.

स्वतः हर्षदाला कुणी विचारलं नाही. ती शून्य होती, तिचं काय मोजायचं?

पुढच्याच महिन्यात एका रविवारी ती स्वयंपाकघरात कांदा चिरत असताना आठवड्याचा आढावा फोनवर आला. हॉलचा नकाशा होता. त्यात तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळच्या जागेवर त्या खुणेचा एक पिवळा ठिपका होता.

सुरी तिने खाली ठेवली. कांद्यामुळे डोळ्यांत पाणी होतंच, त्यामुळे नवऱ्याला, अभिनंदनला, वेगळं काही जाणवलं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी ठिपका पुन्हा आला. त्याच्याही पुढच्या. आता शंकेला जागाच नव्हती. बापाचा रोग लेकीत उतरला होता, आणि ते जगात फक्त हर्षदाला माहीत होतं. ती सानिकाचे पाय बघायला लागली. बघावं तसं दिसतं. डावा जरा उशिरा पडतोय असं तिला खरंच वाटायला लागलं.

इकडे सानिका हवेत होती. प्रशिक्षकाच्या परीक्षेला बसायचं तर गुरूची शिफारस लागते, आणि ती मिळणार हे सगळा हॉल धरून चालला होता.

"परीक्षा झाली की नोकरी सोडायलीय मी," ती म्हणाली. "साहेबांना सांगूनपण ठेवलंय. हळदीनं बोटं पिवळी करून घ्यायचा कंटाळा आलाय हो."

हर्षदाला पुढचं सगळं दिसायला लागलं. नोकरी सोडून ही बाई इथे पुढे उभी राहणार. आठ-दहा वर्षांत सगळ्यांच्या देखत हात थरथरायला लागणार. ज्या बापाकडे बघायचं आपण टाळलं, त्याच्याच जागी स्वतः, आणि समोर चाळीस बायका. शपथ मोडून सांगावं तर तिचे बरे दिवसही आजच संपणार. न सांगता जाऊ द्यावं तर आपणच तिला खड्ड्यात ढकलणार. हर्षदाने अभिनंदनला नाव न घेता विचारलं.

"सांगू नको म्हटलीय ना ती? मग सांगू नकोस," तो म्हणाला. पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून देणारा माणूस, त्याला गोष्टी सरळ दिसायच्या. "पण अडवूपण नकोस. तिचं आयुष्य आहे."

"तुला काय जातंय म्हणायला," हर्षदा चिडली. तिला अडवायचंच होतं. प्रेमाने अडवायचं होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

गुरुवारी वर्ग संपल्यावर ती सानिकाला म्हणाली, "शिफारस नाही देऊ शकत मी."

सानिका टॉवेलने मान पुसत होती. तिला आधी चेष्टाच वाटली. "का हो? काय चुकलं?"

हर्षदाला एखादं कारण द्यायला हवं होतं. घरून ठरवून आणलेलं ऐन वेळी आठवेना, आणि तोंडाला येईल ते ती बोलून गेली. "तुझा आवाज पोचत नाही गं. शेवटच्या रांगेत ऐकूच येत नाही. आणि ते शिकून यायचं नाही, ते उपजतच असावं लागतंय."

हे धडधडीत खोटं होतं. सानिकाचा आवाज न ओरडता भिंतीपर्यंत जायचा. तो होता म्हणून तर गुरुवारी गर्दी व्हायची.

"पण इतके दिवस तुम्ही कधी बोलला नाही, ताई."

"सुधारंल असं वाटलं होतं."

सानिकाने टॉवेलची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली. "बरं," एवढंच म्हणाली, आणि तेही इतक्या हळू की हर्षदाला तिच्या ओठांवरून ओळखावं लागलं.

त्यानंतर ती वर्गाला आली नाही. फोन उचलत नव्हती. तिसऱ्या रांगेतली जागा मोकळी राहिली. तिथे कुणी उभं राहिलं नाही, कारण जागा सानिकाची होती. गुरुवारी बायका हर्षदाकडे अशा बघायच्या की जणू तिनेच पोरीला पळवून लावलं, आणि गंमत म्हणजे तसंच होतं. रविवारच्या नकाशात आता ठिपका दिसत नव्हता. हर्षदाला वाटलं, चला, आपलं बरोबरच होतं.

पावणेदोन महिन्यांनी मिरजेचे इम्रान जमादारसर पाहुणे म्हणून वर्ग घ्यायला आले. प्रशिक्षक मंडळींची ही जुनी रीत आहे, अधूनमधून एकमेकांच्या वर्गाला जायचं. इम्रानसर पुढे उभे राहिले. हर्षदा सवयीने तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ जाऊन उभी राहिली. छान झाला वर्ग, सर फार हसवतात.

रविवारी पिवळा ठिपका परत आला.

तिसरी रांग, खिडकीजवळ. हर्षदाने फोन बंद करून पुन्हा उघडला. आधी वाटलं, फरशी बिघडली. मग वाटलं, सानिका आपल्या नकळत येऊन गेली. माणसाचं मन किती धावाधाव करतं! त्या जागेवर आठवडाभर कुणीही उभं राहिलं नव्हतं. एक तीच राहिली होती, त्या दिवशीचा तासभर.

आणि त्याआधीचे सगळे गुरुवार.

पुढे उभं राहणाऱ्या माणसाला आपलीही कुठे रांगेत जागा असते असं कधी वाटतच नाही. बाकी काही चूक झाली नव्हती, हीच झाली होती.

मिरजेच्या डॉक्टर नेर्लेकरांनी सगळ्या तपासण्या केल्या. फरशी बरोबर होती. अभिनंदन खुर्चीच्या कडेवर बसला होता, दुरुस्तीला आलेल्या मोटारीबद्दल विचारावं तसं त्याने विचारलं, "मग आता काय बदलायचं?"

"बदलता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पुढं थोडं लांबवता येईल, तेही नक्की नाही."

"पण मी रोज वर्ग घेते," हर्षदा म्हणाली. "रोज. माझा ताल चुकत असता तर चाळीस जणींपैकी एकीला तरी कळलं असतं की."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही पुढं असता तेव्हा सगळं तुमच्यापासून मोजलं जातं. तुम्ही उशिरा पाऊल टाकलंत तर तीच वेळ खरी. आणि तुमच्या बायका... मेंदू अंदाज बांधतो ना, त्यांचे मेंदू आता गाण्याचा अंदाज बांधत नाहीत, तुमचा बांधतात. त्या तुमच्यासाठी थांबतात, मॅडम. त्यांना माहीतही नाही."

 इतकी वर्षं हर्षदाला वाटत होतं की आपण त्यांना सांभाळतोय.

"व्यायाम सोडू नका," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "या रोगात आतला ताल जातो, पण बाहेरून कुणी पक्का ताल दिला तर शरीर तो धरतं. चालणं बरंच टिकतं. फक्त आता तुम्ही पुढं उभं राहायचं नाही. कुणा चांगल्याच्या मागं राहायचं."

चांगली म्हणजे कोण, हे हर्षदाला विचारायची गरज नव्हती.

सानिका घराच्या पायरीवर मेथी निवडत बसली होती. हर्षदाने सगळं सांगितलं, उभ्याउभ्याच, मध्ये न थांबता. ठिपका, शपथ, गुरुवार, इम्रानसर, डॉक्टर. सानिकाने मेथीची जुडी बाजूला सारली.

"म्हणजे मला बाबांचा रोग झालाय असं समजून तुम्ही तेवढे दिवस माझ्याकडं बघत होता."

"हो."

"आणि तो तुम्हाला झालाय."

"हो."

सानिका रडायला लागली. हर्षदाला वाटलं ती चिडेल, तिला तेच हवं होतं. पण ती रडत होती हर्षदासाठी, आणि ते सोसवेना.

"तू परत ये," हर्षदा म्हणाली. "शिफारस आजच देते. वर्ग तू घे. मी मागं उभी राहीन."

"पण आवाज?"

"तुझा आवाज सोन्यासारखा आहे. मी खोटं बोलले होते गं."

सानिकाने डोळे पुसले. "तेव्हा खोटं बोलला होता, का आता बोलायलाय?" तिने विचारलं. भांडायला नाही, खरंच माहीत नव्हतं म्हणून. "ऑफिसातपण आता मला दोनदोनदा विचारतात, काय म्हणालीस म्हणून. मला वाटलं, ताई बोलल्या ते बरोबरच होतं. माझ्याच ध्यानात आलं नव्हतं."

हर्षदाने समजावलं, हात धरले, मनीषाकाकूंची साक्ष काढली. जितकं बोलावं तितकं ते आजारी माणसाच्या गरजेपोटी बोलल्यासारखं वाटायला लागलं. तिच्या स्वतःच्या कानांनाही.

"येते मी," सानिका शेवटी म्हणाली. तिला दुसऱ्याची नड बघवत नाही. हर्षदाने तिला निवडलं होतं ते त्याचसाठी.

सोमवारी सगळ्याजणी जमल्या. हर्षदाने आजाराचं सांगितलं नाही, आजपासून वर्ग सानिका घेणार एवढंच सांगितलं, आणि तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ जाऊन उभी राहिली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. गाणं सुरू झालं.

सानिकाचे पाय ठोक्यावर अगदी चोख पडत होते. तोंडही वेळेवर उघडलं, पुढची हालचाल तिने आधीच सांगितली. पण शब्द पहिल्या रांगेपलीकडे आले नाहीत. मध्येच कुठेतरी विरले.

"काय म्हणली गं?" मागून मनीषाकाकूंनी विचारलं.

सानिकाने पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा हळू. काही पाय उजवे उचलले गेले, काही डावे. दोघीजणी एकमेकींवर आपटल्या. अशा वेळी चाळीस बायका काय करणार? ज्या बाईने इतकी वर्षं सांगितलं तिच्याकडे त्यांच्या माना वळल्या. आधी शेजारच्यांच्या, मग मागच्यांच्या. पहिल्या रांगेतल्या जावा तर आरशातून तिला बघायला लागल्या.

हर्षदाने पाऊल टाकलं. तिच्याबरोबर सगळ्यांनी टाकलं, एकसारखं, सुरेख, आणि ठोका होऊन गेल्यावर. समोर सानिका तेवढी एकटी वेळेवर होती, आणि सगळा हॉल मागे पडतोय हे बघून तिला वाटलं आपणच चुकतोय. ती थांबली, गोंधळली, हर्षदाच्या पावलांकडे बघून पुन्हा सुरुवात करू लागली.

हर्षदा जागच्या जागी उभी राहिली, म्हणजे तरी बघणार नाहीत. त्याही उभ्या राहिल्या.

"माझ्याकडं बघू नका गं," ती म्हणाली. "पुढं बघा. सानिकाकडं बघा."

कमावलेला आवाज, तो थेट मागच्या भिंतीपर्यंत गेला. सगळ्याजणी, पहिल्या रांगेतल्या जावांसकट, वळून तिच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि आता पुढे काय करायचं ते ती सांगेल म्हणून वाट बघायला लागल्या.